मुलांना दहा आज्ञा खेळीमेळीने कशा शिकवाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संडे स्कूलचे शिक्षक, आईवडील आणि आजीआजोबा यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दहा आज्ञा म्हणजे देवाने मोशेच्या हाती इस्राएल लोकांना दगडी पाट्यांवर लिहून दिलेले दहा नियम. त्यांचा मजकूर पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) निर्गम २०:१-१७ आणि अनुवाद ५:६-२१ या दोन ठिकाणी आहे. शिकवायला बसण्यापूर्वी दोन्ही उतारे एकदा वाचून घ्या. क्रमांक बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये चालतात तसे धरले आहेत. तुमच्याकडे क्रम वेगळा असेल तर आधी प्रश्न ३ पाहा.

१. कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

तीन-चार वर्षांच्या मुलाला दहाच्या दहा आज्ञा नकोत. त्याला तीन पुरतात: देव एकच आहे, आईबाबांचा मान राखायचा, दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यायची नाही. सहा-सात वर्षांचं मूल दहाही आज्ञा थोडक्यात आणि क्रमाने सांगू शकतं. आठ-नऊच्या पुढे पवित्र शास्त्रातलं मूळ वचन पाठ करून घ्यावं, आणि अकरा-बाराच्या मुलांशी आज्ञेमागचं कारण बोलावं. वयापेक्षा एक खूण जास्त उपयोगी पडते. मूल दुसऱ्या मुलाला “असं नाही करायचं” असं आपणहून सांगू लागलं, की नियम ही गोष्ट त्याला कळू लागली आहे.

२. सुरुवात पहिल्या आज्ञेपासूनच करायची ना?

नाही. सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. निर्गम २० मध्ये पहिल्या आज्ञेच्याही आधी देव सांगतो की मी तुम्हाला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. आधी सुटका आणि मग आज्ञा, असा शास्त्राचाच क्रम आहे. तो उलटला तर मुलांच्या मनात “आज्ञा पाळल्या तरच देव आपला” हे बसतं, आणि पुढची कितीतरी वर्षं ते निघत नाही.

म्हणून पहिला पूर्ण तास गोष्टीला द्या: विटा थापणारे गुलाम, फारो, तांबडा समुद्र, वाळवंट आणि शेवटी सीनाय पर्वत. खोलीच्या एका टोकाला मिसर करा, दुसऱ्या टोकाला पर्वत. मधे दोन निळ्या चादरी पसरा आणि दोन मोठी मुलं त्या बाजूला ओढतील असं ठरवा. मुलं चालत पर्वतापाशी पोहोचली की मगच पहिली आज्ञा वाचा.

सात वर्षांवरील मुलांसाठी याला जोडून नियम नसलेला खेळ घेता येतो. चार मुलांना सोंगट्या आणि फासा द्या, आणि प्रत्येक फेकीला तुम्ही नियम बदला: आता सहा पडले तर मागे जायचं, आता लाल सोंगटीला दोन फेकी. तीन मिनिटांत मुलं “हे बरोबर नाही” म्हणून ओरडू लागतात. तिथेच थांबवा आणि विचारा, “काय असतं तर बरं झालं असतं?” उत्तर त्यांच्याच तोंडून येतं. हा खेळ धावण्या-पकडण्याचा ठेवू नका, कोणीतरी पडतं आणि मुद्दा बाजूला राहतो. सहाच्या आतल्या मुलांबरोबर तर मुळीच खेळू नका. त्यांना खरंच रडू येतं.

३. आमच्या पुस्तकातली दुसरी आज्ञा देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची आहे, शेजारच्या चर्चमध्ये ती मूर्तींची आहे. बरोबर कोण?

मजकूर सगळ्यांचा एकच, मोजणी वेगळी. शास्त्रात “दहा वचने” असा उल्लेख आहे (निर्गम ३४:२८), पण प्रत्येकाला क्रमांक दिलेला नाही.

बहुतेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत दुसरे देव नसावेत ही पहिली, मूर्तींची दुसरी, आणि लोभाची सगळी मिळून दहावी. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत दुसरे देव व मूर्ती मिळून पहिली होते, आणि लोभाची नववी व दहावी अशा दोन होतात. यहुदी परंपरेत “मी परमेश्वर तुझा देव” हे विधानच पहिलं, तर दुसरे देव व मूर्ती मिळून दुसरं.

वर्गात वेगवेगळ्या चर्चची मुलं असतील तर क्रमांकावरून गुण देऊ नका. “पाचवी कोणती?” असं न विचारता “आईवडिलांबद्दल काय सांगितलंय?” असं विचारा. एकाच घरात दोन पुस्तकं वापरात असतील तर मूल ज्या चर्चमध्ये जातं तिथला क्रम पक्का करा.

४. दहाही क्रमाने लक्षात राहण्यासाठी सोपी युक्ती आहे का?

यमक आणि हात यांची जोडी सर्वांत टिकाऊ. हे बडबडगीत टाळ्यांवर म्हणता येतं:

एक – देव एकच, दुसरा नाही
दोन – मूर्तीला वंदन नाही
तीन – नाव घेऊ जपून
चार – दिवस विसाव्याचा राखून
पाच – आईबाबांना मान
सहा – घेऊ नये कुणाचा प्राण
सात – लग्नाचं वचन पाळू
आठ – चोरीचा मोह टाळू
नऊ – खोटी साक्ष नको
दहा – परक्या वस्तूचा लोभ नको

आता खुणा. एकला तर्जनी वर. दोनला दोन बोटं दाखवून मग दोन्ही तळवे “नाही” म्हणून हलवायचे. तीनला तीन बोटं ओठांवर. चारला चार बोटं गालाखाली, झोपल्यासारखी. पाचला पूर्ण पंजा छातीवर. सहापासून डावा पंजा उघडा ठेवून उजव्या हाताची बोटं मोजायची. सहाला उजव्या हाताचं एक बोट डाव्या मनगटाच्या नाडीवर टेकवायचं, म्हणजे जीव. सातला उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना घट्ट चिकटवायची. आठला तीन बोटं दाखवून हात पाठीमागे. नऊला चार बोटं वर, साक्ष देताना हात उचलतात तसा. दहाला दोन्ही पंजे उघडे करून छातीशी आणायचे, म्हणजे “माझ्याकडे आहे ते पुरे”.

सहाव्या आज्ञेला बोटांची बंदूक करू नका. मुलांना ती फार आवडते, आणि उरलेला तास ती एकमेकांवर रोखण्यात जातो. नाडीच्या खुणेत मूल थांबतं आणि ठोका शोधतं. जीव मौल्यवान आहे हे त्या दोन सेकंदांत जितकं पोहोचतं तितकं समजावून पोहोचत नाही.

एका दिवशी एक ते पाच, पुढच्या वेळी सहा ते दहा. दहाही एकदम घेतल्या तर सहा, सात, आठ हमखास एकमेकांत मिसळतात, कारण त्या शास्त्रातही सर्वांत छोट्या आणि एकसारख्या आहेत.

५. रविवारी धडाधड म्हणतात, पुढच्या रविवारी कोरी पाटी. काय करावं?

आठवड्यातून एकदा तासभर घोकण्यापेक्षा रोज दोन मिनिटं बरी. शिकवलेल्या दिवशी रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग दोन दिवस सोडून एकदा, आणि रविवारी वर्गात. अनुवाद ६:७ मध्ये हीच पद्धत सांगितली आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. आईवडिलांना लांब सूचना पाठवू नका. “या आठवड्यात चौथी आज्ञा, निजताना एकदा” इतकी एक ओळ पुरते.

म्हणून घेताना मुलाकडून आठवून घ्या, त्याला वाचून दाखवू नका. अडलं तर पहिला शब्द न देता हाताची खूण द्या. तोंडाने पहिला शब्द दिला की मूल तुमच्या तोंडाकडेच बघत राहतं.

मूळ वचन पाठ करून घ्यायचं असेल तर छोटी वचनं जशीच्या तशी घ्या: “खून करू नको”, “चोरी करू नको”. दुसरी, चौथी आणि दहावी लांब आहेत. त्यांचं फक्त पहिलं वाक्य पाठ करा, उरलेलं वाचून समजावा.

६. वर्गात खेळता येतील असे, फारसं साहित्य न लागणारे खेळ सांगा.

दोरी आणि चिमटे: भिंतीला मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर दोरी बांधा. दहा कार्डांवर आज्ञा लिहा (क्रमांक नको), कपडे वाळत घालायचे दहा चिमटे घ्या. दोन गटांनी आळीपाळीने क्रम लावायचा. चुकलेलं कार्ड तुम्ही दाखवायचं नाही, फक्त “सात बरोबर आहेत” असं सांगायचं. कुठली तीन चुकली ते गटाने शोधायचं. खरं शिकणं त्या शोधण्यात होतं. घड्याळ लावलं तर हुशार मूल एकटंच सगळं लावून टाकतं, म्हणून वेळेऐवजी नियम ठेवा: एका मुलाने एकच कार्ड लावायचं, मग मागे जायचं.

जोड्या: दहा कार्डांवर आज्ञा, दहांवर चित्र, सगळी पालथी. पाच-सहा वर्षांच्या मुलांना चारच जोड्या द्या, वीस कार्डांत ती हरवून जातात.

चेंडू: गोलात बसून चेंडू टाकायचा. झेलणाऱ्याने पुढची आज्ञा सांगायची. अडला तर डावीकडच्याने मदत करायची. बाद करू नका, कारण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तोच आधी बाहेर जाऊन बसतो.

एक खेळ मात्र टाळा. शिक्षकांच्या पिशवीतून वस्तू पळवायची आणि मग “चोरी वाईट” असं सांगायचं, किंवा मुद्दाम खोटं बोलून दुसऱ्याला फसवायचं, हे अनेक ठिकाणी केलं जातं. मुलांच्या लक्षात पळवण्याची मजाच राहते. खेळात जे करायला लावाल तेच शिकवलं जातं, म्हणून आज्ञा पाळण्याचा खेळ करा. आठव्या आज्ञेसाठी “परत करण्याची टोपली” ठेवा: वर्गात सापडलेली पेन्सिल, खोडरबर, रुमाल त्यात गोळा करायचे आणि तासाअखेर प्रत्येक वस्तूचा मालक शोधून ती परत द्यायची. त्यावर जक्कयाची गोष्ट (लूक १९) छान बसते. त्याने लुबाडलेलं चौपट परत करण्याचं कबूल केलं होतं.

७. दगडी पाट्या बनवायच्या आहेत, पण पीठ तडकतं. प्रमाण काय घ्यावं?

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, शेवटची पाव वाटी थोडी थोडी घाला. आठ-दहा मिनिटं मळा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा दिसल्या तर चमचाभर पाणी, हाताला चिकटला तर चमचाभर मैदा. जाड मीठ वापरलं तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि अक्षरं फुटतात.

साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटा, वरची कड गोल कापा आणि ओलं असतानाच आइस्क्रीमच्या काडीने कोरा. तळहाताएवढ्या पाटीवर दहा वाक्यं मावत नाहीत, फक्त क्रमांक कोरा. पूर्ण वचनं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.

तडकण्याची कारणं दोनच: जाडी जास्त, नाहीतर उन्हात घाईने वाळवणं. वरचा थर आधी सुकून आखडतो आणि आतला ओलाच राहतो. सावलीत, जाळीवर, दोन-तीन दिवस वाळवा आणि रोज एकदा उलटा. ओव्हन असेल तर १०० अंश सेल्सिअसवर दोन ते तीन तास. दमट हवेत मीठ पाणी ओढून पाटी मऊ पडते, म्हणून पूर्ण वाळल्यावर रंग आणि वर वॉर्निशचा हात द्या. पिठात मीठ भरपूर असतं, त्यामुळे लहान मुलं आणि पाळीव प्राणी ते तोंडात घालणार नाहीत इकडे लक्ष असू द्या.

एका पाटीवर पाच, दुसरीवर पाच हे आपण चित्रांत पाहतो. शास्त्रात तशी वाटणी सांगितलेली नाही. पाट्यांच्या दोन्ही बाजूंना लेख होता इतकं मात्र स्पष्ट आहे (निर्गम ३२:१५). मुलांना दोन्ही बाजूंनी कोरायला सांगा, त्यांना ते आवडतं.

८. पाठ झालं, पण रोजच्या वागण्याशी जोड लागत नाही. ती कशी लावावी?

आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी प्रसंगांच्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर दोन-तीन ओळींचा प्रसंग, आणि खाली दोन प्रश्न: “कोणती आज्ञा?” आणि “आता काय करता येईल?” दुसरा प्रश्न सोडू नका. पहिल्यावर थांबलात तर मुलं पोलीस होतात आणि एकमेकांच्या चुका मोजू लागतात.

चिठ्ठी सोपी असली की चर्चा मरते. “राजूने चोरी केली” यात बोलण्यासारखं काही नाही. त्याऐवजी असं लिहा: “दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले. मैत्रीण म्हणते, त्याच्याच चुकीने आले, ठेव.” किंवा: “खिडकी तिघांच्या खेळात फुटली. जो आज आला नाही त्याचं नाव सांगायचं दोघांनी ठरवलं.” दुसऱ्यात आठवी नाही, नववी आहे, आणि मुलं यावर बराच वाद घालतात. घालू द्या.

वर्गातल्या मुलाचं नाव किंवा नुकताच घडलेला प्रसंग चिठ्ठीत कधीही घेऊ नका. नाव न घेताही सगळ्यांना कळतं.

९. नाटुकलीत देवाचं काम कोणी करावं? आणि सोन्याचं वासरू दाखवावं का?

देवाचं पात्र मुलाला देऊ नका. पडद्यामागून एखाद्या मोठ्या माणसाने वचनं शास्त्रातून सरळ वाचावीत, आवाज खर्जात नेऊन घाबरवायची गरज नाही. मेघगर्जनेसाठी पत्र्याचा डबा चालतो, पण चार-पाच वर्षांची मुलं असतील तर तो आवाज आधी दाखवून ठेवा.

मोशे पर्वतावर असताना लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याला वंदन केलं, तो प्रसंग (निर्गम ३२) दाखवा, पण नाच दाखवू नका. ढोल वाजवत वासराभोवती नाचणं हाच नाटकातला सर्वांत मजेचा भाग ठरतो आणि तेच घरी सांगितलं जातं. त्याऐवजी मोशे डोंगरावरून उतरतो आणि पाट्या फुटतात तिथे थांबा. मग ३४वा अध्याय जरूर घ्या: देवाने दुसऱ्या पाट्या दिल्या. मोडलेलं पुन्हा लिहून मिळतं, हे मुलांना त्याच दिवशी कळायला हवं, पुढच्या रविवारपर्यंत ठेवू नका.

१०. चित्रं काढणं दुसऱ्या आज्ञेविरुद्ध आहे का?

आज्ञेचा रोख वंदनावर आणि सेवेवर आहे. मोशेचं, पर्वताचं, पाट्यांचं चित्र काढायला कुठल्याच परंपरेत सहसा हरकत नसते. निवासमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) सोन्यात घडवलेले आणि पडद्यांवर विणलेले होते, तेही देवाच्याच सांगण्यावरून. येशूच्या चित्रांबाबत मात्र मतं वेगळी आहेत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती उपासनेच्या जागी असतात, काही रिफॉर्म्ड चर्च ती मुळीच वापरत नाहीत. रंगवायला कागद देण्याआधी पाळकांना विचारा. देवाचं चित्र काढायला मुलांना सांगू नका. “देवाने काय काय केलं ते काढा” असं सांगा.

११. शब्बाथ शनिवारचा की रविवारचा? मुलांना काय सांगायचं?

यहुदी लोक आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट सातवा दिवस, म्हणजे शनिवार पाळतात. बहुतेक ख्रिस्ती लोक प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी उपासना करतात. इतकं सरळ सांगावं.

गंमत वेगळ्याच ठिकाणी आहे. निर्गममध्ये विसाव्याचं कारण सृष्टीची निर्मिती हे आहे, अनुवादमध्ये मिसरमधली गुलामी. गुलामाला सुट्टी नसते. तुम्ही आता गुलाम नाही, म्हणून थांबा, आणि तुमच्या चाकरांनाही थांबू द्या. निर्गम २०:१० वाचून मुलांना मोजायला लावा, विसावा कोणाकोणाला मिळतो: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, परका. मग विचारा, “आपल्या घरात कोणाला एकही दिवस विसावा मिळत नाही?” बहुतेक हात आईकडे बोट दाखवतात. त्या आठवड्यात आईचं एक काम प्रत्येकाने उचलायचं, ही चौथ्या आज्ञेची सर्वांत चांगली कृती.

१२. “व्यभिचार म्हणजे काय?” असं सहा वर्षांच्या मुलाने विचारलं तर?

गडबडून विषय बदलू नका. “नवरा-बायको लग्नात एकमेकांना वचन देतात की मी तुझ्याबरोबरच राहीन. ते वचन मोडू नये.” सहा वर्षांच्या मुलाला इतकंच हवं असतं. कृतीसाठी दोन रंगीत कागद पूर्ण चिकटवून सुकू द्या आणि मग सोडवायला सांगा. दोन्ही फाटतात.

आईवडील वेगळे झालेले असतील अशी मुलं वर्गात असू शकतात. ती मान खाली घालतात. म्हणून या तासाला “वचन मोडणारे वाईट” असं बोलू नका, आणि कागदाची कृती अशा वर्गात सोडून द्या. त्याऐवजी मुलांनी स्वतः दिलेलं आणि पाळलेलं एखादं वचन सांगावं. बारा-तेराच्या मुलांसाठी योसेफ आणि पोटीफरची बायको (उत्पत्ती ३९) घेता येते, घरच्यांना आधी सांगून.

१३. “मी मुंगी मारली, मी खुनी आहे का?”

नाही. आज्ञा माणसाच्या जिवाबद्दल आहे. मुक्या जिवाला उगाच त्रास देऊ नये हेही सांगा, पण ते वेगळं. मुलांच्या जगाशी ही आज्ञा मत्तय ५:२१-२२ मधून जोडली जाते: राग आणि अपशब्द. “तू मरच” असं रागात म्हटलेलं वाक्य घ्या आणि त्याऐवजी काय म्हणता येईल ते मुलांकडून काढा. सैनिक किंवा फाशी यांबद्दल विचारलं तर ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही हे मोठ्या मुलांना मोकळेपणी सांगावं.

१४. आईवडिलांचा मान राखायचा म्हणजे ते सांगतील ते सगळं ऐकायचं? घरात मारहाण होत असेल तर?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे त्याच क्षणी लक्ष द्या. मान राखणं म्हणजे इजा लपवणं नव्हे. कोणी मारत असेल, नको तसा स्पर्श करत असेल, “कुणाला सांगू नको” म्हणत असेल, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणं हे आज्ञा मोडणं नाही. पाचवी आज्ञा शिकवताना हे वाक्य दरवेळी, सगळ्या वर्गासमोर, कोणाकडेही न बघता म्हणा. ज्याला गरज आहे त्याला ते ऐकू जातं. मुलाने काही सांगितलं तर “हे मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नका. ऐकून घ्या, खोदून विचारू नका, आणि त्याच दिवशी चर्चमधल्या जबाबदार व्यक्तीला व बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी “जे तुला सांभाळतात” असा शब्दप्रयोग करा. आज्ञेतलं अभिवचनही सांगा. इफिसकरांस ६:२ मध्ये हिला अभिवचन असलेली पहिली आज्ञा म्हटलं आहे.

१५. वाढदिवसाची भेट लपवून ठेवणं म्हणजे खोटं बोलणं का?

नाही. आनंदासाठी काही काळ न सांगणं वेगळं, आणि दुसऱ्याचं नुकसान होईल असं बोलणं वेगळं. नववी आज्ञा मुळात साक्षीची आहे: तुझ्या शब्दाने शेजाऱ्यावर काय येईल ते बघ. लहान मुलांना खूण अशी द्या: गुपित उघडल्यावर सगळे हसणार असतील तर ठीक, कोणी रडणार असेल तर सांगून टाक. ही खूण प्रश्न १४ मधल्या मुलांनाही उपयोगी पडते.

मोठी मुलं विचारतात, इब्री सुइणींनी फारोला खरं सांगितलं नाही, तरी देवाने त्यांचं भलं केलं, ते कसं? निर्गम १:१५-२१ उघडून सगळ्यांनी वाचा. सुइणी देवाला भीत होत्या आणि त्यांनी बाळांचे जीव वाचवले, हे तिथे आहे. त्यांचं बोलणं योग्य होतं का, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. पटकन निकाल देऊ नका.

१६. नवी सायकल हवीशी वाटणं म्हणजे लोभ?

“मलाही सायकल हवी” हा लोभ नाही. “त्याची सायकल मला हवी, त्याच्याकडे नसली तरी चालेल” हा लोभ. मुलांना हा फरक चटकन कळतो.

या आज्ञेसाठी नाबोथाच्या द्राक्षमळ्याइतकी (१ राजे २१) चांगली गोष्ट दुसरी नाही. अहाब राजाला शेजारचा मळा हवा असतो, मिळत नाही म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जेवत नाही. त्याची राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होतो, राजा मळा बळकावतो. चार जाड पुस्तकं उभी करा, त्यांवर दहा, नऊ, सहा, आठ हे क्रमांक चिकटवा आणि गोष्ट सांगत पहिलं ढकला. पुस्तकांमधलं अंतर त्यांच्या उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर मधेच साखळी तुटते. दहावी आज्ञा मनातली आहे, कुणाला दिसत नाही, तरी बाकीच्या तिच्यामागून कशा पडतात ते मुलं डोळ्यांनी पाहतात. मग विचारा, “कुठलं पुस्तक धरलं असतं तर बाकीची वाचली असती?”

१७. आज्ञा पाळल्याबद्दल तारे, चॉकलेट द्यावं का?

पाठांतराला, हजेरीला, मदतीला द्या, हरकत नाही. “आज खोटं बोललो नाही” याला तारा देऊ नका. तारा मिळवण्यासाठी मूल चूक लपवतं, म्हणजे नवव्या आज्ञेच्या तक्त्यावरच खोटं लिहिलं जातं. भिंतीवर नावांपुढे ताऱ्यांचा तक्ता लावला तर दुसऱ्याच्या ताऱ्यांचा हेवा सुरू होतो, तो दहाव्या आज्ञेत जातो. बक्षीस द्यायचं तर सगळ्या वर्गाला मिळून द्या: दहाही आज्ञा सगळ्यांना आल्या की त्या दिवशी मुलांच्या आवडीचा खेळ.

१८. आमचं मूल फार घाबरलं आहे. “बाबांच्या पापाची शिक्षा मला होणार का?” असं विचारतं.

हे दुसऱ्या आज्ञेतल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या उल्लेखावरून येतं. लगेच पुढचं वचन वाचा. तिथे दया हजारोंवर आहे. चार आणि हजार हे आकडे दोरीवर मणी ओवून दाखवा. चार मणी हातात मावतात, हजार ओवायला घेतले की मुलं स्वतःच थकून थांबतात. मग यहेज्केल १८:२० वाचा: मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही. सहाच्या आतल्या मुलांना हे वचन शिकवूच नका, आज्ञेचं पहिलं वाक्य पुरे.

मूल दिवसातून अनेकदा माफी मागत असेल, तेच ते विचारत असेल, झोपत नसेल, तर काही आठवडे आज्ञा बाजूला ठेवा आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट (लूक १५) सांगा. तरीही फरक पडला नाही तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्या. “देव बघतोय हं!” ही धमकी घरातून आणि वर्गातून पूर्ण बंद करा.

१९. चार ते बारा वर्षांची सगळी मुलं एकाच वर्गात. कसं जमवायचं?

गोष्ट आणि बडबडगीत एकत्र घ्या, कृती वेगळी द्या. मोठ्यांना छोट्यांचे शिक्षक करू नका, जोडीदार करा: छोट्याने खूण करायची, मोठ्याने वचन म्हणायचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला एका कृतीवर पाच-सात मिनिटांहून जास्त बसवू नका. वाचता न येणाऱ्यांना चित्रांची कार्डं. न दिसणाऱ्या मुलासाठी प्रश्न ७ मधली कोरलेली पाटी उत्तम, क्रमांकाऐवजी एक ते दहा ठिपके उठवा. ऐकू न येणाऱ्या मुलाला प्रश्न ४ मधल्या खुणा एकट्याने देऊ नका. त्याची सांकेतिक भाषा सगळ्या वर्गाने शिकावी.

२०. येशूने दोनच आज्ञा सांगितल्या, मग दहा कशाला?

देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती, या दोहोंवर सगळं नियमशास्त्र अवलंबून आहे असं येशूने म्हटलं (मत्तय २२:३७-४०). या दोन्ही त्याने जुन्या करारातूनच घेतल्या: अनुवाद ६:५ आणि लेवीय १९:१८. दहा आज्ञा म्हणजे त्या प्रीतीचं रोजचं रूप.

शेवटच्या तासाला दोन टोपल्या ठेवा, एकीवर “देव”, दुसरीवर “शेजारी”. मुलांनी दहा कार्डं वाटायची. पहिल्या चार एकीकडे आणि उरलेल्या सहा दुसरीकडे जातात. पाचवीवर आणि दहावीवर मुलं अडतात, कोणी म्हणतं ती दोन्हींकडे हवी. त्यांना कारण विचारा आणि कार्ड दोन टोपल्यांच्या मधे ठेवायचं असेल तर ठेवू द्या.